रिकाम्या गाडीचे दिवे

‘मोटारवाल्यांनो, रस्त्यावर दिवे लावून फिरता की देवघरातल्या समया?’

हे माझ्या पहिल्या पत्रकाचं पहिलं वाक्य. गुलाबी कागद, खाली माझं नाव आणि नावाखाली ‘मोटार इलेक्ट्रिशियन, पिरंगुट’. पौड रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या काचेवर मी ते स्वतः खळ लावून चिकटवलं. पाच-सहा ड्रायव्हरांनी शिव्या घातल्या. एकाने सोलून काढलं आणि माझ्या पाठीवर चिकटवलं. ते घेऊन मी दिवसभर गावात हिंडलो.

आठवणी लिहाव्यात इतकं माझं वय नाही. अजून तिशी गाठलेली नाही. पण धंद्याबद्दल लिहा म्हणाल तर मला एकच गोष्ट लिहायची आहे, आणि ती एका जागी बसून लिहवत नाही. हा मजकूर निम्मा मी दुकानाच्या फळीवर उभ्यानेच लिहिला आहे.

पुण्यात एका गॅरेजात मी चार वर्षं वायरिंग शिकलो. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. दिवसा साहेब लोकांच्या गाड्यांखाली आणि संध्याकाळी भिंतीवर पत्रकं. छापखान्यातल्या एका म्हाताऱ्या कंपॉझिटरने मला सांगून ठेवलं होतं की पहिल्या ओळीत टोचायचं, दुसरीत विचारायचं, तिसरीत मागायचं. चौथी ओळ कोणी वाचत नाही. या दोन विद्या घेऊन मी गावी परतलो. एकीने पोट भरायचं, दुसरीने जग सुधारायचं असा बेत होता.

संताप मात्र गावचाच होता, तो शिकायला पुण्याला जावं लागलं नाही. आमच्या मुळशी तालुक्यातली गावंच्या गावं धरणाखाली गेली. त्या धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात उतरतं, तिथे त्याची वीज होते आणि ती वीज मुंबईला जाते. इकडे आमच्या पौडच्या पेठेत कंदील. म्हणजे दिवस मावळल्यावर मुळशीत विजेचा दिवा दिसायचा तो फक्त मोटारीच्या कपाळावर. आणि तोही कसला! तांबडा, पिकलेल्या बिब्ब्यासारखा. समोरून गाडी येते आहे की कोणी विडी ओढत येतो आहे ते जवळ आल्यावर कळायचं.

यात ड्रायव्हरांचा दोष कमी आणि गाड्यांचा जास्त. रस्त्यावर असलेल्या बहुतेक गाड्या लढाईच्या आधीच्या. त्यांची बॅटरी सहा व्होल्टची. टाकी बुटकी असली की नळाला पाणी जोरात येत नाही, तसंच ते. त्यात वायर वीस-पंचवीस वर्षांची, आतून हिरवी पडलेली, स्विचमध्ये काजळी, आणि जिथे तार गाडीच्या सांगाड्याला टेकते तिथे गंज. बॅटरीतून निघालेली वीज वाटेतच दमते. दिव्यापर्यंत पोचते ती कशीबशी. दिव्याच्या आतल्या वाटीला चांदीचा मुलामा असतो, तो काळा पडलेला. मग लोक म्हणतात, बल्ब बदल. बल्ब बदलून काय होतंय? चूल तीच, लाकडं ओली.

पत्रक वाचून पहिले आले ते हुसेनचाचा. खरं तर वाचून नव्हे, वाचून घेऊन. साठीचा माणूस, पौडच्या पेठेतला, अंगात खाकी कोट आणि डोक्याला मफलर उन्हाळ्यातसुद्धा. त्यांची जुनी अमेरिकन मोटार होती, काळी, रुंद बुडाची. सकाळी पौडहून पुण्याला जायची, तिन्हीसांजेला परत यायची. बस चुकली की चाचा, बाळंतीण अडली की चाचा, कोर्टाची तारीख असली की चाचा. गाडीचे दिवे भोपळ्याएवढे, निकेलचे, दोन्ही बाजूंना खांद्यावर घेतल्यासारखे. दिसायला असे की गाडी राजाची वाटावी, उजेड काजव्याचा.

मी त्यांना म्हटलं, चाचा, या दिव्यांवर गाडी चालवता कशी?

“दिव्यावर कोन चालवतंय? वाट पाठ हाय,” चाचा म्हणाले. “भूगावचा वड आला की डावं, वढा आला की सावकाश. तिचं डोळं गेल्याती, पन पाय शाबूत हायेत.”

असं बोलून ते गाडी ठेवून गेले, एवढ्यावरून काय ते समजा.

त्या कामाचा मला अजून अभिमान आहे, तो लपवत नाही. लढाई संपल्यावर लष्कराचा माल मोडीत निघाला होता. पुण्याच्या जुन्या बाजारात जीपचे दिवे मिळायचे. काच, वाटी आणि तार हे सगळं एकाच बंद भांड्यात असतं, आत धूळ जायला जागाच नाही. आणि आपल्या नशिबाने जीपही सहा व्होल्टची. चाचांचे भोपळे मी तसेच ठेवले, त्यातली आतडी काढली, तांबटाकडून मापाची पितळी कडी करून घेतली आणि जीपचे दिवे आत बसवले. बॅटरीपासून जाड वायर सरळ दिव्यापर्यंत नेली आणि मध्ये रिले टाकला. रिले म्हणजे निरोप्या. स्विचने फक्त निरोप द्यायचा. वीज तिच्या रुंद वाटेने जाते. सांगाड्यावरचा गंज खरवडून लोखंड पांढरं केलं. डायनामोचा एक ब्रश थोडा सरकवला, म्हणजे तो जास्त वीज देईल. पायाशी एक बटण बसवलं, दाबलं की उजेड खाली झुकतो. चार दिवस लागले. बाहेरून म्हातारी, आतून तरणी.

शेवटचं काम निशाणीचं. दिवे कितीही चांगले असोत, त्यांचा रोख चुकला तर सगळं फुकट. पिरंगुटच्या शाळेची मागची भिंत पांढरी होती आणि तिच्यापुढे जमीन सपाट. गाडी पंचवीस फुटांवर उभी करायची, दिव्याच्या उंचीची आडवी रेघ भिंतीवर मारायची आणि झुकलेल्या उजेडाचा माथा त्या रेघेच्या चार बोटं खाली आणून स्क्रू आवळायचे. शाळेचे गुरुजी कुरकुरायचे. माझ्या रेघांवर मुलं आपली उंची मोजतात म्हणून. पण निशाणी चोख होण्यासाठी माझा एक नियम होता आणि तो दुकानावर मी तांबड्या अक्षरांत लिहून लावला होता: ‘गाडी पूर्ण रिकामी करून आणावी.’ गॅरेजात मला तसंच शिकवलं होतं. डिकीतलं जॅकसुद्धा काढून ठेवायचं.

त्या संध्याकाळी चाचांनी दिवे लावले. पिरंगुटच्या उतारावर रस्त्याकडेचा दगडन् दगड दिसला. पार खाली ओढ्याच्या कठड्यावर एक मांजर बसलं होतं, तेही दिसलं. चाचांनी खिडकीतून मान बाहेर काढून उतार वरपासून खालपर्यंत बघितला. मग म्हणाले, “दत्तू, ह्या रस्त्याला एवढं खड्डं हायेत व्हय रं?”

दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे रांग. चाचांची गाडी हीच माझी जाहिरात होती, पत्रकाची गरज उरली नाही. पावसाळ्यापर्यंत मी चौदा गाड्यांचे दिवे बदलले. माणचे एक बागायतदार आले, त्यांना नुसता उजेड नको होता. गाडी वेशीत शिरायच्या आधी उजेड वाड्याच्या दारात पोचला पाहिजे, म्हणजे मंडळी उठून उभी राहतील, असं त्यांचं म्हणणं. त्यांना मी हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी ते परत आले आणि मुकाट्याने बसवून घेऊन गेले. रिह्याच्या भातगिरणीचे मालक मारुतराव आपला ट्रक घेऊन आले, तेही नियमाप्रमाणे रिकामा. मी सगळ्यांना तीच भिंत, तीच रेघ, तीच चार बोटं दिली. संध्याकाळी दुकानापुढे उभा राहिलो की घाटाकडून एकेक पांढरा शुभ्र उजेड येताना दिसायचा आणि मला वाटायचं, मुंबईने नेलेली वीज मी थोडी थोडी परत आणतो आहे. असं वाटणं वाईट. ते वाटायला लागलं की माणूस तपासायचं सोडतो.

श्रावणात चाचांची गाडी भाताच्या खाचरात गेली.

तिन्हीसांजेची वेळ, बारीक पाऊस. चाचा पुण्याहून परत येत होते, गाडी नेहमीसारखी नऊ जणांनी भरलेली. भुकुमच्या पुढे समोरून रिह्याचा ट्रक आला, मारुतरावांचा, तांदूळ भरून पुण्याकडे निघालेला. चाचांनी गाडी डावीकडे घेतली ती घेतच गेले. बांध सुटला आणि गाडी खाचरात नाक खुपसून थांबली. ट्रक थांबला नाही. बहुतेकांना खरचटण्यावर भागलं. पुढच्या सीटवर पौडच्या सोनाबाई होत्या, मंडईत अंडी विकून पाटी घेऊन येणाऱ्या. त्यांचं मनगट मोडलं.

चाचांनी फौजदाराला एवढंच सांगितलं की समोरून उजेड आला आणि मला काही दिसलं नाही. मोटार इन्स्पेक्टरांनी त्यांचं लायसन काढून घेतलं आणि पुढच्या महिन्यात पौडला कॅम्प असेल तेव्हा हजर राहा, तिथे निकाल देऊ, असा कागद दिला. चाचांनी आयुष्यात गाडी चालवण्याखेरीज दुसरं काही केलेलं नव्हतं. लायसन गेलं की चाचा गेले, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

आणि तरी मी काय केलं ते लिहितो. ते वगळून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

मला राग आला. चाचांचा. माझी पहिली गाडी, माझी सगळ्यांत चांगली गाडी, तिचे भोपळे चेपून खाचरात पडलेले. तालुक्यातला सगळ्यांत चांगला उजेड हातात दिला आणि हा माणूस म्हणतो, दिसलं नाही. मग दोष कोणात राहिला? दिव्यांत तर नाही, दिवे मी बसवलेले. मी त्याच रात्री कागद घेतला आणि सकाळच्या बसने छापखान्यात गेलो. पांढरा कागद. पहिली ओळ: ‘दिवे लावूनही ज्याला दिसत नाही, त्याच्या हातात नऊ घरांचे जीव का?’ दुसरीत सवाल, तिसरीत मागणी: पन्नाशीवरच्या प्रत्येक ड्रायव्हरचे डोळे तपासा, नाहीतर रस्त्यावरून उतरवा. नाव कोणाचंही नव्हतं. पण पौड रस्त्यावर पन्नाशीवरचा ड्रायव्हर एकच होता.

हे पत्रक कोणी सोलून काढलं नाही. लोकांनी ते जपून ठेवलं. पौडच्या चहाच्या दुकानात चाचा गेले की कोणीतरी बोटं धरायचं आणि विचारायचं, चाचा, किती? पहिल्या दिवशी त्यांनी हसून ‘दोन’ सांगितलं. दुसऱ्या दिवशी चहा तसाच ठेवून उठले. नंतर ते पेठेत दिसेनासे झाले. मला हे कळत होतं आणि मी म्हणत होतो, जनहितासाठी एखाद्याला सोसावं लागतं. पत्रकं लिहिणाऱ्याला अशी वाक्यं तयार मिळतात.

इन्स्पेक्टरांकडे अर्ज द्यायचा, त्यावर जखमी बाईचा अंगठा असावा, म्हणून मी सोनाबाईंच्या घरी गेलो. त्या ओसरीवर डाव्या हाताने तांदूळ निवडत बसल्या होत्या, उजवा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला. मी अर्ज वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

“माजी चार कोडी अंडी खपली न्हवती, ती फुटली. त्याचं पत्रक काडलंस का?”

मी म्हटलं, मावशी, तेच तर म्हणतोय, चाचांना दिसत नाही म्हणून फुटली.

“चाचाचं जाऊ दे. तो म्हातारा झाला असंल. मी त्याच्या शेजारी बसलेवते, मी हाय का आंधळी?” त्यांनी सूप खाली ठेवलं. “मलाबी काय दिसलं न्हाई. रस्ता न्हाई, बांद न्हाई, माजा हात मला दिसंना. उजेड डोळ्यात घुसला न् वर आंब्याच्या फांद्यात गेला. गाडी पुढनं गेल्यावर मी मान वळवून बगितलं, शिव्या द्याया. पोती अशी भरलीवती की ट्रक कुत्र्यावानी बसलावता. ढुंगान खाली न् तोंड वर.”

मी म्हटलं की त्या ट्रकची निशाणी मी स्वतः लावली आहे, चार बोटं खाली, उजेड आंब्यात जाणं शक्य नाही. आणि हे बोलता बोलताच त्यांचे शब्द मला पुन्हा ऐकू आले. कुत्र्यासारखा बसला होता. मी अर्ज घडी करून खिशात घातला. पाणी घे म्हणाल्या ते न घेताच उठलो.

सायकलने रिह्याला गेलो. गिरणीपुढे ट्रक भरून उभा होता. मी वाकून बघितलं. मागचे स्प्रिंगचे पाटे सपाट झाले होते, आणि पुढचं नाक, जे माझ्या शाळेपुढे जमिनीशी सरळ होतं, ते आभाळाकडे. पंचवीस फुटांवर हा फरक दीड-दोन वीत निघाला असता; शंभर पावलांवर तो उजेड समोरच्या ड्रायव्हरच्या कपाळात बसणार. पायाने दाबून झुकवला तरीसुद्धा. पुण्यात साहेब आणि मडम दोघंच गाडीत बसतात, तिथे रिकाम्या गाडीची निशाणी चालते. मी ती विद्या जशीच्या तशी उचलून मुळशीत आणली होती.

मारुतरावांना मी विचारलं, तुम्ही ट्रक एवढा भरता हे मला का सांगितलं नाहीत?

“दत्तोबा,” ते म्हणाले, “रिकामी गाडी रस्त्यावर आनतंय कोन? तुमच्या पाटीवर लिवलंय म्हनून रिकामी आनली. मला वाटलं, तुमाला म्हाईत असंल.”

मी त्यांना म्हटलं, कॅम्पच्या दिवशी ट्रक भरून पौडला आणा, इन्स्पेक्टरांना दाखवू. त्यांनी हात जोडले. भरलेला ट्रक साहेबापुढे नेऊन आमच्याच ट्रकने गाडी घालवली म्हणून सांगायला ते तयार नव्हते. मीही मारुतरावांच्या जागी असतो तर नसतो झालो तयार. पण त्या वेळी मी त्यांना भेकड म्हटलं. मी! तेव्हाही मला दुसऱ्याला काहीतरी म्हणायची सवय सुटली नव्हती.

मग चाचांकडे. ते गाडीखाली आडवे झाले होते, चेपलेला मडगार्ड आतून ठोकत. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ठोकणं थांबलं नाही. माझं संपलं तेव्हा ते म्हणाले, “पत्रक काडताना मला इचारलं न्हाईस. आता कबुली द्याया कशाला इचारतुयास? दे जा.”

मी म्हटलं, नुसती कबुली साहेब मानणार नाही, दाखवावं लागेल. तुमच्याच गाडीवर दाखवू. दिवे तेच, निशाणी तीच. गाडी रिकामी असताना एकदा, आणि भरून एकदा.

तेव्हा ते गाडीखालून बाहेर आले. “पाच जनांचं पासिंग हाय माजं. पाच बसवून गाडी खाली बसत न्हाई, नऊ लागत्याती. नऊ बसवून साहेबाला दावायचं? म्हंजी डोळ्यापायी जायाचं त्ये लायसन नऊ मान्सांपायी जाईल.” मफलरने हात पुसले. “आनि दत्तू, नऊ मानसं आनायची कुटनं? माज्या गाडीत आता बसतंय कोन?”

मी दिवे काढून चेपलेले भोपळे सरळ केले, नव्या काचा बसवल्या आणि निशाणी मुद्दाम पहिल्यासारखीच लावली, गाडी रिकामी ठेवून. चुकीचं काम इतक्या काळजीने मी आयुष्यात पुन्हा केलेलं नाही.

कॅम्पच्या दिवशी डाक बंगल्यात इन्स्पेक्टर दुपारभर कागद बघत होते. कोरडा माणूस, नाकावर चष्मा. चाचांचा नंबर आला तसं त्यांनी माझं पत्रकच टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, हे जनतेचं मत आहे. मी पुढे होऊन सांगितलं की ते जनतेचं नाही, माझं आहे, आणि चुकीचं आहे. साहेबांनी विचारलं, मग बरोबर काय? मी म्हटलं, दिवेलागणीपर्यंत थांबा, दाखवतो. साहेबांची शेवटची बस साडेपाचची. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, पत्रकाकडे बघितलं, चाचांकडे बघितलं. चाचा मान खाली घालून उभे होते, काहीही मागत नव्हते. साहेब म्हणाले, दाखवा.

अंधार पडत आला तसे साहेब छत्री घेऊन बंगल्याच्या रस्त्याच्या वळणावर, दोनशे पावलांवर जाऊन उभे राहिले. मी रिकाम्या गाडीचे दिवे लावून उजेड झुकवला. साहेब आरामात उभे होते, रस्त्यावरचा चिखल चुकवत. आता गाडी भरायची होती. पन्नासेक माणसं तमाशा बघायला जमली होती, पण गाडीचं दार मी उघडलं तर पुढे कोणी होईना. तीच माणसं, ज्यांची बाळंतपणं या गाडीने वेळेवर दवाखान्यात पोचवली. कोणीतरी मागून बोटं वर केली आणि हसला.

सोनाबाई गर्दीतून वाट काढत आल्या. कामट्या बांधलेला हात सांभाळत पुढच्या सीटवर आपल्या जागी बसल्या आणि काच खाली करून गर्दीला म्हणाल्या, “बसा की रं. गाडी चालायची न्हाई, नुसती बसायची हाय. का बसायलाबी डोळं लागत्याती?”

दोघे आले. मग आणखी पाच जण. बोटं वर करणारा सुद्धा आला, सगळ्यांत शेवटी, दाराला लोंबकळत. शिवाय डिकीत दोन पोती तांदूळ. नऊ झाले आणि गाडीचे पाटे कुरकुरत बसले. मी दिवे लावून बटण दाबलं. उजेड रस्ता सोडून वर चढला, आणि दोनशे पावलांवर साहेबांनी एका हाताने चष्मा झाकला, दुसऱ्या हाताने छत्री पुढे धरली आणि मागे सरता सरता पाय घसरून गटारात गेले.

कोणी हसलं नाही. साहेब गुडघाभर चिखलाने परत आले, गाडीभोवती एक फेरी मारली, आतली माणसं मोजली. दोनदा मोजली. मग कागदावर लिहिताना मोठ्याने म्हणाले, “प्रवासी पाच.” आणि नऊ जण खाली उतरले.

ते मला इतकंच म्हणाले की बसवलेली प्रत्येक गाडी परत बोलवून भरलेली तपास, नाहीतर तुझं दुकान बंद करतो. चाचांना त्यांनी खिशातून लायसन काढून दिलं. बस कधीच गेली होती. साहेबांनी चिखलाचे बूट झटकले, पुढचं दार उघडलं आणि सोनाबाई नुकत्याच उठल्या होत्या त्या जागेवर जाऊन बसले. “पुण्याला सोडा,” म्हणाले. चाचांच्या डोळ्यांची तपासणी झाली ती एवढीच.

मी तिसरं पत्रक काढलं. ‘चूक गाडीवानाची नव्हती, दिवेवाल्याची होती.’ खाली माझं नाव. ते मी घरोघर वाटलं. कोणी विरोध केला नाही, कोणी वाचलंही नाही फारसं. दुसऱ्याला टोचलेलं लोक पाठ करतात. स्वतःला टोचलेलं पुडी बांधायला जातं. पौडच्या चहाच्या दुकानात त्यानंतरही वर्षभर कोणी ना कोणी बोटं धरतच होतं.

गाड्या मात्र परत बोलावल्या. आता माझ्या पाटीवर ‘गाडी नेहमीइतकी भरून आणावी’ असं आहे, आणि शाळेमागे पोती, बाया, शेळ्या, एकदा तर अख्खं वऱ्हाड उतरतं म्हणून गुरुजींची कुरकुर दुप्पट झाली आहे. चौदांपैकी तेरा गाड्या दुरुस्त झाल्या. मारुतराव स्वतःहून आले, ट्रक काठोकाठ भरून. चौदावी गाडी म्हणजे डोंगरातल्या एका कोळसेवाल्याचा ट्रक, टपावर पिवळा पट्टा असलेला. मी पोचलो तेव्हा त्याने तो विकला होता. कोणाला, तर सोलापूरकडच्या माणसाला; नाव, गाव, काही नाही. त्या ट्रकवर माझे दिवे आहेत, रिकाम्या गाडीची निशाणी लावलेले, आणि तो रोज भरून कुठल्यातरी रस्त्याने कोणाच्यातरी समोर जातो आहे. मी पत्रं पाठवली, सोलापूरला दोन फेऱ्या मारल्या, नाक्यांवर उभा राहिलो. संध्याकाळी समोरून उजेड आला की अजून मी आधी टप बघतो.

चाचा माझ्याशी त्या दिवसानंतर फारसं बोलत नाहीत. गाडी दुरुस्तीला माझ्याकडेच आणतात, पण काम सांगतात आणि निघून जातात. पुण्यात मात्र ते मालधक्क्यावर, पेट्रोल पंपांवर, जिथे बाहेरगावचे ट्रक थांबतात तिथे एक चक्कर टाकून येतात. हे करायला मी त्यांना सांगितलेलं नाही. परतताना पिरंगुटला माझ्या दुकानापुढे गाडी क्षणभर मंद करतात, उजेड खाली झुकवतात आणि काचेतून बाहेर न बघता म्हणतात, “आजबी न्हाई दिसला.”